रॉ छायाचित्रांचे रंग सुधारताना: नजर, ग्रे कार्ड की कलर चार्ट?

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले छायाचित्र) संगणकावर उघडल्यावर रंग खटकले, की बहुतेक जण चित्राची निळी-पिवळी छटा बदलणाऱ्या टेम्परेचरच्या स्लायडरकडे थेट वळतात. मात्र त्याआधी दोष कोणत्या जातीचा आहे हे पाहणे आवश्यक असते. पांढऱ्या आणि करड्या वस्तूंसकट संपूर्ण चित्रावर एकच निळसर, पिवळट किंवा हिरवट छटा पसरली असेल, तर तो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठी प्रकाशानुसार केलेल्या जुळवणीचा, दोष असतो. करडे ते करडेच दिसत असून केवळ लाल कापड नारिंगीकडे झुकत असेल किंवा जांभळी फुले निळी दिसत असतील, तर दोष बहुधा कॅमेरा प्रोफाइलचा (सेन्सरच्या आकड्यांचे रंगांत रूपांतर करणाऱ्या तक्त्याचा) असतो आणि तो टेम्परेचर कितीही हलवले तरी जात नाही. पुढील पर्यायांपैकी कोणता निवडायचा, हे बव्हंशी या निदानावरच ठरते.

कॅमेऱ्यात निवडलेला व्हाइट बॅलन्स रॉ फाइलमध्ये केवळ नोंद म्हणून साठवला जातो. सेन्सरने टिपलेल्या लाल आणि निळ्या मूल्यांना हिरव्याच्या तुलनेत किती पटीने वाढवायचे, एवढेच ती नोंद सांगते. त्यामुळे ती नंतर बदलल्याने मूळ माहितीला धक्का लागत नाही. तरीही या स्वातंत्र्याला मर्यादा आहेत. साध्या पिवळ्या बल्बच्या सुमारे २८५० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळट) प्रकाशात निळ्या घटकाची नोंद मुळातच क्षीण असते आणि ती मोठ्या गुणकाने वाढवली, की सावल्यांमध्ये निळसर दाणे उमटतात. उलट, अतिप्रकाशित भागात हिरवा घटक आधीच कमाल मर्यादेला टेकलेला असेल, तर लाल व निळा वाढवल्यावर तिथे किरमिजी डाग दिसू शकतात. या दोन्ही गोष्टी चित्र टिपतानाच सांभाळायच्या असतात.

पहिला पर्याय म्हणजे कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सवर विसंबणे. बाहेरच्या उजेडातील सुट्या चित्रांसाठी तो पुरेसा असतो. परंतु चौकटीत हिरवळ किंवा लाल पडदा जास्त आला, की त्याचा अंदाज ढळू शकतो आणि एकाच प्रसंगाची लागोपाठ टिपलेली चित्रे वेगवेगळ्या छटांची निघतात. मालिका करायची असेल, तर ऑटोऐवजी सुमारे ५५०० केल्विनचा स्थिर डेलाइट पर्याय बरा. तो चुकला तरी सर्व चित्रांत सारखाच चुकतो आणि एकाच दुरुस्तीत सगळी चित्रे मार्गी लागतात.

नजरेच्या अंदाजाने स्लायडर हलवणे हा दुसरा पर्याय. त्याला खर्च नाही, पण डोळा समोरच्या छटेला काही वेळातच सरावतो आणि अर्धा तास पिवळट चित्रे पाहिल्यावर तीच योग्य वाटू लागतात. कॅलिब्रेट न केलेला (रंग मोजून न जुळवलेला) मॉनिटर किंवा चुकून चालू राहिलेला नाइट मोड असेल, तर अंदाजाचा पायाच डळमळतो. शिवाय केल्विनचे आकडे दिसतात तसे समान अंतराचे नसतात: ३००० वरून ३५०० वर जाणे हा ७००० वरून ७५०० वर जाण्याच्या जवळपास पाचपट बदल असतो. म्हणून कमी आकड्यांच्या बाजूला स्लायडर अगदी थोडा हलवावा. हिरवट किंवा किरमिजी झाक मात्र टेम्परेचरने जातच नाही. तिच्यासाठी टिंटचा स्लायडर असतो आणि ट्यूबलाइट व स्वस्त एलईडीखाली त्याची गरज बऱ्याचदा लागते.

अचूकता आणि श्रम यांचा मेळ पाहता ग्रे कार्ड (तटस्थ करड्या रंगाचे कार्ड) हा माझ्या मते सर्वांत किफायतशीर पर्याय आहे. त्याच प्रकाशात कार्डाचे एक चित्र घ्यायचे, सॉफ्टवेअरमधील ड्रॉपरने (रंग टिपणाऱ्या साधनाने) त्यावर टिचकी मारायची आणि मिळालेले मूल्य उरलेल्या चित्रांना लावायचे, एवढीच त्याची रीत आहे. कार्ड विषयाजवळ आणि विषयावर पडणाऱ्या प्रकाशाकडे वळलेले असावे. बाजूच्या रंगीत भिंतीचा उजेड त्यावर पडला, तर मूल्य बिघडते. कार्डाऐवजी छपाईचा पांढरा कागद वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्यातील चमकद्रव्ये अतिनील किरणांमुळे निळसर उजळतात आणि दुरुस्तीनंतर चित्र गरजेपेक्षा पिवळे होते. सूर्यास्ताच्या चित्रांत मात्र कार्ड बाजूलाच ठेवलेले बरे: ते आपले काम चोख करते आणि हवा असलेला सोनेरी रंगच पुसून टाकते. तिथे डेलाइट आणि नजर यांचीच निवड योग्य.

चोवीस चौकोनांचा कलर चार्ट १९७६ पासून प्रचलित आहे. त्याच्या तळच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचे सहा तटस्थ चौकोन असल्याने तो ग्रे कार्डाचेही काम करतो; पण त्याचा खरा उपयोग विशिष्ट कॅमेरा आणि विशिष्ट प्रकाश यांचे प्रोफाइल बनवण्यासाठी होतो. कापड, चित्रे किंवा विक्रीच्या वस्तू मूळ रंगात दाखवायच्या असतील, अथवा दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचे रंग जुळवायचे असतील, तर ही मेहनत सार्थ ठरते. चार्टावर चकाकी आली किंवा तो असमान उजळला, तर तयार होणारे प्रोफाइल मूळच्यापेक्षा वाईट निघते, आणि चोवीस रंगांच्या पलीकडील भडक छटांबद्दल ते अंदाजच बांधते. हौशी छायाचित्रकाराने तो घेण्याची घाई करू नये.

त्याआधी सॉफ्टवेअरमधील तयार प्रोफाइल बदलून पाहावे. ‘फाइल उघडताच क्षणभर सुंदर दिसलेले रंग फिके पडले’ ही तक्रार बहुधा व्हाइट बॅलन्सची नसतेच. आधी कॅमेऱ्याने बनवलेले जेपेग दिसते आणि मग सॉफ्टवेअर स्वतःचा अर्थ लावते. अडोबीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये २०१८ पासून नव्या चित्रांना मुळात ‘अडोबी कलर’ लागते. त्याऐवजी ‘कॅमेरा मॅचिंग’ गटातील ‘कॅमेरा स्टँडर्ड’सारखे प्रोफाइल निवडल्यास कॅमेऱ्याच्या पडद्यावरील रंगांच्या बरेच जवळ जाता येते. चार्टावरून बनवलेले प्रोफाइल आपल्या सॉफ्टवेअरला चालणाऱ्या प्रकारचे हवे: कॅप्चर वन हे सॉफ्टवेअर आयसीसी प्रकारचे प्रोफाइल वापरते, तर रॉथेरपीत अडोबीच्या पद्धतीची डीसीपी प्रोफाइलही चालतात, हे चार्ट विकत घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे. प्रत्येक सॉफ्टवेअरचे गणित वेगळे असल्यामुळे एकाच फाइलसाठी एकात ५२०० आणि दुसऱ्यात ४९०० असा आकडा दिसू शकतो. आकडे न जुळवता करडा रंग जुळवावा. डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये ३.४ आवृत्तीपासून ‘कलर कॅलिब्रेशन’ हे मॉड्यूल आले. त्यावर काम करताना जुने व्हाइट बॅलन्स मॉड्यूल ‘कॅमेरा रेफरन्स’वरच ठेवावे लागते, नाहीतर एकच दुरुस्ती दोनदा होते.

खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र आले, की कोणत्याही एका मूल्याने संपूर्ण चित्र सुधारत नाही. मुख्य विषयाला धरून व्हाइट बॅलन्स ठरवावा आणि उरलेला भाग मास्क करून (फक्त तेवढाच निवडून) वेगळा सुधारावा. ज्या एलईडीच्या प्रकाशात लाल वर्णपटाचा भागच अपुरा असतो, तिथे त्वचेचा निस्तेजपणा कार्डानेही जात नाही आणि चार्टानेही पुरता जात नाही. लागोपाठच्या चित्रांत छटा आपोआप बदलत असेल, तर संपादनात वेळ घालवण्यापूर्वी शटरचा वेग तपासावा: विजेच्या ५० हर्ट्झ पुरवठ्यावर लुकलुकणारे दिवे असतील तर १/१०० सेकंद आणि ६० हर्ट्झवर १/१२० सेकंद ठेवल्यास हा फरक बहुतांशी नाहीसा होतो.