उद्याने आणि पायवाटांसाठी पैसा: कर्जरोखे, मुदतीचा कर की कायम निधी?

शहरातील उद्याने आणि पायवाटा सुधारण्याचा प्रस्ताव समितीपुढे येतो तेव्हा चर्चा बहुधा नकाशांवरच रंगते आणि पैशाचा विषय शेवटच्या पानावर उरतो. प्रत्येक मार्गाने येणारा पैसा वेगळ्या कामाला चालतो, त्यामुळे तो कोठून येणार हे ठरल्याखेरीज आराखड्याला अर्थ नसतो. पुढील तुलना म्हणून एकाच कसोटीवर केली आहे: उद्घाटनानंतर दहाव्या वर्षी त्या पायवाटेची डागडुजी आणि तुंबलेल्या चरांची सफाई कोणाच्या पैशातून होईल?

कर्जरोख्यांतून मोठी रक्कम एकदम हाती येते. जमीन खरेदी, ओढ्यावरील पूल किंवा लांब पायवाटेचा सलग टप्पा अशा कामांना हा मार्ग योग्य आहे. पुढची पिढी ज्याचा उपयोग करणार, त्याचे हप्ते तिनेही भरावेत, हे न्याय्यही आहे. मात्र हा भांडवली पैसा असल्याने त्यातून माळ्यांचे पगार देता येत नाहीत, आणि दहा वर्षांत झिजणारी खेळणी वीस वर्षांच्या कर्जावर घेतली तर झोपाळे मोडीत निघाल्यावरही हप्ते चालूच राहतात. आराखडा पक्का होण्याआधी कर्ज काढणे त्याहून धोक्याचे असते. शिकागोच्या मिलेनियम पार्कसाठी भूमिगत वाहनतळाच्या उत्पन्नावर कर्जरोखे काढण्यात आले होते. पुढे रचना वाढत गेली, मूळ अंदाज तिपटीहून अधिक झाला आणि २००० साली खुले व्हायचे उद्यान २००४ मध्ये खुले झाले. उद्यान लोकप्रिय ठरले, पण एवढी चूक पचवण्याची ऐपत प्रत्येक शहराकडे नसते.

मतदारांच्या संमतीने ठरावीक वर्षांसाठी लावलेला खास मालमत्ता कर बांधकामालाही चालतो आणि देखभालीलाही, हा त्याचा मोठा फायदा. अडचण मुदतीची आहे. सिएटलमध्ये २००० साली आठ वर्षांचा आणि २००८ साली सहा वर्षांचा असा कर मंजूर झाला. अखेर २०१४ मध्ये मतदारांनी स्वतंत्र उद्यान जिल्ह्याला, म्हणजे केवळ उद्यानांसाठी कर लावू शकणाऱ्या संस्थेला, मान्यता दिली, म्हणजेच दर काही वर्षांनी मतदारांकडे जाण्याऐवजी उत्पन्नाची कायम सोय झाली. मिनियापोलिसने हा प्रश्न १८८३ सालीच निवडून आलेले स्वतंत्र उद्यान मंडळ स्थापून सोडवला होता. माझ्या मते देखभालीचा अनुशेष मोठा असलेल्या शहराला हाच मार्ग सर्वांत सोयीचा आहे, पण त्यासाठी कर मागणाऱ्या यंत्रणेवर नागरिकांचा विश्वास असावा लागतो आणि तो प्रचारपत्रकांनी मिळत नाही.

पायवाटेमुळे आसपासच्या जमिनीची किंमत वाढते, तेव्हा त्या वाढीव करातूनच पायवाट बांधावी, हा तिसरा विचार. तो नवा नाही: १८४७ मध्ये खुल्या झालेल्या इंग्लंडमधील बर्कनहेड पार्कचा खर्च भागवण्यासाठी भोवतालचे भूखंड घरांकरिता विकले गेले होते. आजचे ठळक उदाहरण म्हणजे अटलांटाची बेल्टलाइन. जुन्या रेल्वेमार्गांच्या पट्ट्यावरील सुमारे ३५ किलोमीटरच्या या वलयासाठी २००५ मध्ये खास करक्षेत्र आखण्यात आले. पण २००८ मध्ये शाळांच्या वाट्याचा कर त्यात वापरण्यास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हरकत घेतली आणि त्याच सुमारास मंदीने जमिनीचे भावही पाडले. भाव वाढले तर वेगळीच अडचण येते. ज्यांच्यासाठी पायवाट आखली, त्या भाडेकरूंनाच तेथे राहणे परवडेनासे होते. त्यामुळे परवडणाऱ्या घरांची तरतूद आधी झालेली नसेल, तर या मार्गाने जाऊ नये.

वरील कसोटीवर सर्वांत खरा उतरतो तो कायम निधी. इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या शहराने १९९२ मध्ये आपली उद्याने ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका स्वतंत्र न्यासाकडे दिली आणि सोबत व्यापारी मालमत्ताही दिल्या, त्यामुळे त्यांच्या उत्पन्नातून देखभाल चालते आणि त्यासाठी पालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकाकडे डोळे लावून बसावे लागत नाही. नव्याने वसणाऱ्या भागात हे जमते. जुन्या शहराकडे देण्याजोगी मालमत्ता क्वचितच शिल्लक असते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी १९८० पासून काम करणारी संस्था देणग्यांवर चालते, परंतु तसे देणगीदार ज्या वस्तीला लाभत नाहीत तिचे उद्यान मागेच पडते.

अनुदानांना मुख्य आधार मानू नये. अमेरिकेतील १९६५ च्या भूमी व जल संवर्धन निधीसारख्या योजनेतही साधारण निम्मा वाटा स्थानिक संस्थेलाच उचलावा लागतो, आणि अनुदान मिळते म्हणून आराखड्यात नसलेले काम पुढे रेटण्याचा मोह होतो.

निर्णय घेणाऱ्याने प्रथम सर्व उद्यानांची स्थिती-पाहणी करून घ्यावी. मोडकळीस आलेल्या गोष्टी जास्त आढळल्या तर कर मागावा, हातची जाऊ शकणारी जमीन असेल तर तेवढ्यापुरते कर्ज काढावे, आणि नवे वसाहत-क्षेत्र विकसित होत असेल तर परवानगीच्या टप्प्यावरच निधीची अट घालावी. अंदाजपत्रकात प्रत्येक कामापुढे बांधकाम खर्च, वार्षिक खर्च आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून होणार हे तिन्ही लिहावे. ज्या कामापुढे शेवटचा रकाना रिकामा राहील, ते या टप्प्यात घेऊ नये, मग त्याचे संकल्पचित्र कितीही देखणे असो.