सोलापूरच्या जमिनीचे पाण्याचे आकडे: नकाशा, फॉर्म्युला, लॅब की शेतात मोजणी?

रब्बी ज्वारीसाठी ॲक्वाक्रॉप नाहीतर डीएसएसएटी (पिकाची वाढ अन् उत्पादन कॉम्प्युटरवर काढणारी मॉडेलं) चालवायचंय आणि सॉईल फाईलपाशीच (मॉडेलला जमिनीचे आकडे देणारी फाईल) अडलात, तर हे तुमच्यासाठी. मॉडेलला थराथराची फील्ड कपॅसिटी (जादा पाणी निचरून गेल्यावर जमीन धरून ठेवते ती ओल), विल्टिंग पॉईंट (ज्याच्या खाली पीक सुकतं ती ओल) अन् सॅच्युरेशन (सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्यावरची ओल) लागतं. सॉईल हेल्थ कार्डावर 12 गोष्टी असतात पण यातलं काहीच नसतं, वाळू-चिकणमातीची टक्केवारीसुद्धा नाही.

सॉईलग्रिड्स हा जगभरच्या मातीचा ऑनलाईन नकाशा फुकट आहे, 2 मीटर खोलीपर्यंत आकडे देतं. पण त्याचा एक चौकोन 250 मीटरचा, म्हणजे साडेपंधरा एकर, आणि आपल्याकडं तेवढ्यात वर माळाचा मुरूम असतो अन् खाली ओढ्याकडं खोल काळी! जिल्ह्याच्या अभ्यासाला ठीक, एका शेताला मी वापरणार नाही.

फॉर्म्युल्यात, म्हणजे मातीच्या घटकांवरून हे पाण्याचे आकडे काढणाऱ्या सूत्रांत, सॅक्स्टन-रॉल्स (2006) सोपा. टेक्श्चर (वाळू-चिकणमातीची टक्केवारी) लॅबमधून करून घ्या, कार्डावरचा सेंद्रिय कर्ब 1.72 नं गुणला की सेंद्रिय पदार्थ मिळतो, झालं. हलक्या-मध्यम जमिनीला बिनधास्त वापरा. पण तो अमेरिकन मातीच्या नमुन्यांवर बांधलाय आणि 60 टक्क्यांच्या वर चिकणमाती असलेले नमुने त्यात घेतलेच नव्हते, त्यामुळं मंगळवेढ्याकडच्या भारी काळ्या जमिनीत, जी भिजली की फुगते न् वाळली की भेगाळते, तिथं त्याच्यावर विसंबू नका.

लॅबचं प्रेशर प्लेट (दाब देऊन मातीत किती पाणी उरतं ते मोजणारं उपकरण) महाग अन् वेळखाऊ, चिकण मातीला तर खूपच दिवस लागतात. विल्टिंग पॉईंटसाठी, म्हणजे 15 बार दाबाला, चाळलेली माती चालते. फील्ड कपॅसिटीला मात्र न मोडलेला नमुनाच द्या, कारण चाळल्यावर मातीची घडण जाते आणि आकडा बिघडतो.

फील्ड कपॅसिटीसाठी माझा कौल शेतातल्या मोजणीला. सप्टेंबरच्या पावसानं जमीन खोलवर भिजली की छोटा वाफा बांधून वरून पाणी भरायचं, प्लास्टिकनं झाकायचं, मग ऑगरनं (माती काढायचा हाताचा गिरमिट) थराथराचे नमुने काढून ओव्हनमध्ये 105 अंशावर 24 तास वाळवायचे. काळ्या जमिनीत निचरा हळू होतो म्हणून दोन-तीन दिवसांवर थांबू नका, ओल घटायची जवळपास थांबेपर्यंत नमुने घेत राहा. बल्क डेन्सिटीपण (ठरावीक आकारमानातल्या कोरड्या मातीचं वजन) त्याच ओल्या अवस्थेत घ्या, वजनातली ओल तिनं गुणली की आकारमानातली टक्केवारी मिळते.

आणि या सगळ्याच्या आधी मुरूम कितीवर लागतो ते बघा. उदाहरणादाखल फील्ड कपॅसिटी आकारमानानं 42 टक्के अन् विल्टिंग 24 धरलं, तर 90 सेंटिमीटरला पिकाला मिळणारं पाणी 162 मिलिमीटर होतं, मुरूम 45 वरच लागला तर 81. फॉर्म्युल्याची 4 टक्क्यांची चूक 90 सेंटिमीटरमध्ये 36 मिलिमीटरची होते, खोली चुकली तर निम्मं पाणीच गायब, आणि रब्बी ज्वारी तर साठलेल्या ओलीवरच उभी असते.

म्हणून पैसे कमी असतील तर ऑगर घ्या, शेतात चार-पाच ठिकाणी खोली बघा, हलक्या पट्ट्याला फॉर्म्युला लावा, भारी पट्ट्यात फील्ड कपॅसिटी स्वतः मोजा आणि लॅबला फक्त 15 बारचे नमुने पाठवा.