तीन ट्रेचं गांडूळखत किट: पेटी चांगली, माहितीपत्रक घाईचं

एकावर एक बसणारे तीन जाळीदार ट्रे, तळाला पाणी साठवणारा कप्पा आणि तोटी. सोबत कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट आणि आयसेनिया फेटिडा जातीची अर्धा किलो गांडुळं. पेटी दणकट आहे. पण माहितीपत्रक सांगतं, पहिल्याच दिवशी ट्रे ओल्या कचऱ्याने भरा. तसं केलं की गांडुळं भिंतींवर चढतात नाहीतर तळाच्या पाण्यात बुडून मरतात.

गांडुळाचं उत्सर्जनतंत्र आजही गोड्या पाण्यातल्या जिवासारखं आहे. पातळ मूत्रावाटे ते सतत पाणी गमावतं. जमिनीवर ते टिकलं ते शरीर बदलून कमी, माती बदलून जास्त. ही जात खोल बिळं पाडत नाही, पण श्लेष्मा (अंगावरचा बुळबुळीत स्राव) आणि कणीदार विष्ठा यांनी आसपासचा थर स्वतःला मानवेल असा करते. तो थर पुढच्या पिढीला आयता मिळतो, आणि कोण टिकणार हेही मग काही अंशी तोच ठरवतो. डार्विनने 1881 मध्ये गांडुळांच्या मातीकामावर अख्खं पुस्तक लिहिलं. किट बनवणाऱ्यांनी ते चाळलेलं दिसत नाही.

नव्या पेटीत असा थर नसतो, तेव्हा आधी आठ-दहा सेंटीमीटर कोकोपीट आणि फाडलेला पुठ्ठा पसरा, त्यात दोन मुठी जुनं गांडूळखत मिसळा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब गळावेत, इतकाच ओलावा. पहिला आठवडा मूठभर कचरा पुरे, पुढे दिवसाला शंभर-दीडशे ग्रॅम. 15 ते 25 अंश तापमान उत्तम. 35 च्या वर गांडुळं मरू लागतात, आणि एकदम ढीग टाकला तर कुजण्याची उष्णताच तिथवर नेते.

खरा दोष ट्रेच्या खाचांत. वरच्या ट्रेचा तळ खालच्या खताला टेकायला हवा, म्हणजे गांडुळं जाळीतून वरच्या ताज्या कचऱ्याकडे जातात. खाचा त्याला अधांतरी धरतात, त्यामुळे खालचा ट्रे काठोकाठ भरेपर्यंत गांडुळं वर जात नाहीत. तोटीची जाळी गाळाने तुंबते. तोटी उघडीच ठेवून खाली भांडं ठेवलेलं बरं. त्या काळ्या पाण्याला पत्रक 'व्हर्मिवॉश', म्हणजे गांडूळखतातून मिळणारं फवारणीचं द्रवखत, म्हणतं. तो निव्वळ निचरा आहे, पालेभाज्यांवर फवारू नका.

नुसत्या विष्ठेत गांडुळं रोडावतात आणि बंद पेटीतून जाणार कुठे? म्हणून खत वेळेवर काढा, पण एक तृतीयांश आत राहू द्या. अंड्यांचे कोष त्यातच असतात. तिसरा ट्रे सहसा रिकामाच राहतो. दोन ट्रेचं मॉडेल मिळालं तर तेच घ्या.