बेरीतील निवासी कला-कार्यशाळा: जागा उत्तम, वेळापत्रक जाचक

फ्रान्सच्या मध्यभागातील बेरी या जुन्या प्रांतात, आपल्याकडे जिला गढी म्हणता येईल अशा अठराव्या शतकातील एका वास्तूत भरणाऱ्या चित्रकला व लेखनाच्या सात दिवसांच्या कार्यशाळेत मी गेल्या जूनमध्ये सहभागी झाले होते. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ती चालवणारे दांपत्य अतिशय अगत्यशील आहे आणि माझी तक्रार त्यांच्या अगत्यातूनच उद्भवलेली आहे.

पॅरिसच्या ऑस्टर्लित्झ स्थानकावरून शातोरूपर्यंत रेल्वेने सुमारे दोन तास लागतात आणि पुढे यजमानांची गाडी येते. शुल्कात निवास, तिन्ही वेळचे जेवण आणि मार्गदर्शन येते. रंग व कागद मात्र आपले आपण न्यावे लागतात. जुन्या तबेल्याचा स्टुडिओ केलेला असून त्याच्या उत्तरेकडील उंच खिडक्यांमुळे प्रकाश दिवसभर फारसा बदलत नाही, आणि जलरंगात काम करणाऱ्याला याहून अधिक काय हवे असते! शाकाहारी व्यक्तीचे काय होणार ही धास्ती दुसऱ्याच दिवशी मिटली. या भागातील हिरवी मसूर प्रसिद्ध आहे, बटाट्याचे सारण भरून भाजलेला इथला खास ‘पाय’ (pie) हा पदार्थ पोटभरीचा असतो आणि राखेचा थर दिलेले, पिरॅमिडचे टोक कापल्यासारखे दिसणारे व्हालाँसे हे शेळीच्या दुधाचे चीज तर मी रोज मागून घेत असे. मसुरीला फोडणी नव्हती, एवढेच.

अडचण होती ती वेळापत्रकाची. सकाळी सामूहिक रेखाटन, मग लेखनाचा पाठ, दुपारी बागेत चित्रण, संध्याकाळी प्रत्येकाने दिवसभराचे काम सर्वांसमोर मांडायचे आणि जेवणानंतर पुन्हा वाचन, असा भरगच्च कार्यक्रम असल्यामुळे रात्री साडेनऊनंतरही रेंगाळणाऱ्या त्या उजेडात एकटीने बसून हातातले चित्र पुढे नेण्याची सवड मला आठवड्यात जेमतेम दोनदा मिळाली. अर्धे वाळलेले चित्र रोज संध्याकाळी दहा जणांच्या अभिप्रायासाठी मांडावे लागले, की दुसऱ्या दिवशी आपण ते त्या दहा जणांसाठीच रंगवू लागतो, हा अनुभव मला तरी उपयोगाचा वाटला नाही.

हे अधिक तीव्रतेने जाणवले ते चौथ्या दिवशी, याच भागातील नोआँ येथील एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच लेखिका जॉर्ज साँद यांचे घर पाहताना. त्यांच्या आजीने १७९३ मध्ये ही मालमत्ता विकत घेतली होती. १८३९ ते १८४६ या काळात, १८४० चा अपवाद वगळता, संगीतकार शोपँने प्रत्येक उन्हाळा इथे काढला आणि आपल्या प्रौढ रचनांपैकी कितीतरी इथेच लिहिल्या. चित्रकार देलाक्र्वा १८४२ मध्ये प्रथम आला, तेव्हा त्याने पाठवलेल्या पत्रात बागेकडे उघडणाऱ्या खिडकीतून शोपँच्या पियानोचे सूर मधूनच झुळकेसारखे आत येत असल्याचा उल्लेख आहे. त्याच मुक्कामात कॅनव्हास जवळ नसल्याने साँद यांच्या कॉर्सेटसाठी (घट्ट बांधायच्या अंतर्वस्त्रासाठी) आणलेल्या कापडावर त्याने चित्र रंगवले. यजमानीणबाई साँद स्वतः रात्र-रात्र जागून लिहीत. म्हणजे प्रत्येकाचे काम वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळी चाले आणि गाठीभेटी होत त्या जेवणाच्या टेबलावर किंवा पुढे मुलगा मोरिस याच्या बाहुल्यांच्या रंगमंचासमोर. शोपँच्या खोलीचे नंतर रूप पालटले. आवाज अडवण्यासाठी गादीसारखे अस्तर लावलेली दारे तेवढी उरली आहेत. घराचा आतला भाग मार्गदर्शकासोबतच पाहता येतो, त्यामुळे त्या दारापाशी मला हवे तितके थांबता आले नाही. शेजारच्या व्हिक गावातील चर्चमधली बाराव्या शतकातील भित्तिचित्रे मात्र निवांत पाहता आली आणि माझ्या वहीतील सर्वांत बरी रेखाटने तिथलीच आहेत.

नव्याने हातात कुंचला धरणाऱ्यांनी या कार्यशाळेला अवश्य जावे, कारण शिक्षिका संयमी आहेत आणि चूक दाखवताना स्वतःच्या वहीत तीच आकृती काढून दाखवतात. ज्यांच्याकडे आधीच सुरू झालेले काम आहे, त्यांनी नोंदणी करतानाच संध्याकाळच्या सादरीकरणातून सूट मागून घ्यावी. मी ती सहाव्या दिवशी मागितली आणि यजमानांनी हसत दिली.