वरच्या पडीतात सागाच्या रांगा लावाव्या का खुंटांचे फुटवे राखावे?

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, ज्याच्याकडं बांध्यांच्या (धानाच्या शेतांच्या) वरच्या अंगाला मुरमाड पडीत आहे तो आज ना उद्या हाच प्रश्न विचारतो, सागजड्या (सागाच्या रोपांची छाटलेली मुळं) आणून सरळ रांगा लावू का जे जुने खुंट आहेत त्यांचेच फुटवे राखून येन (ऐन), धावडा, बिजा, मोह, चारोळी असं मिश्र जंगल होऊ देऊ. माझ्याकडं दोन्ही आहे, बाबांच्या काळचा साग अन् त्याला लागूनच मी राखलेलं मिश्र, म्हणून सांगतो.

सागाची बाजू कमजोर नाही भाऊ. ढोरं तोंड लावत नाहीत, आग लागून गेली तरी बुडातून परत फुटते, अन् मार्केट आहेच. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरचं सागवान गेलं हे तर सगळ्यांना पाठ आहे. फक्त वीस वर्षांच्या लागवडीत वरचं पांढरं लाकूडच जास्त निघते, तेव्हा नर्सरीवाला सांगते तो भाव धरून चालू नका. पावसाळ्यात अळी पानांची जाळी करते, त्यानं झाड मरत नाही, वाढ मात्र मार खाते.

माझं मन फिरलं ते या कशानं नाही, मातीनं. आता पाऊस झिमझिम कमी अन् एकदम धो-धो जास्त. सागाचं पान सुपाएवढं, त्यावर पाणी जमून जाड थेंब पडते, अन् खालचा पाला उन्हाळ्यात जळून गेलेला, गवत नाही, मग थेंब सरळ मातीवर. खाली बसून पाहा, एकेका खड्याखाली बोटभर मातीचा खांब उभा दिसते, आजूबाजूची सगळी वाहून गेलेली. जाते कुठं, तर खालच्या बांधीत! ऐन रोवणीच्या टायमाला रेती-मुरूम काढत बसा, पऱ्हे (धानाची रोपं) दबलेले, धुरा (बांध) फुटलेला, मजूर तर भेटतच नाही. मिश्र तुकड्याखालच्या बांधीत हा ताप जवळपास नाहीच. आता मी काही मोजमाप केलं नाही, तिकडं उतारही जरासा कमी असेल, पण फावडं कुठं जास्त चालते ते माझ्या कमरेला बरोबर माहीत आहे.

दुसरं म्हणजे पावसाचा खंड. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा होता, त्या साली नवीन लावलेली रोपं, साग काय अन् बिजा काय, माना टाकून बसली, जुन्या खुंटांचे फुटवे मात्र हिरवेगार, कारण मूळ आधीच खोल गेलेलं. म्हणून मिश्र म्हणजे खड्डे खणून रोपं लावणं असं समजू नका. आधी खुंट शोधा, एकावर एक-दोन सरळ फुटवे ठेवून बाकी छाटा, रोप फक्त रिकाम्या जागेत.

त्रास यातही आहे. बकऱ्यांपासून सुरुवातीची काही वर्षं राखण लागते, रायमुनिया (घाणेरी) उपटत राहावी लागते, पैसा हळू. मोह असला की आगीची भीती वेगळीच, फुलं वेचायला लोक खालचा पाला जाळून टाकतात, तो झाडून घ्यायचा. तेंदूचंही तसंच आहे, पानं चांगली फुटावी म्हणून आग लावतात; गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपानं तोडणंच बंद केलं अन् बांबूवर भर दिला, ते उगाच नाही. तोडायची परवानगी तर १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यानं सागाला लागते तशी येन, बिजा, मोहालाही लागते, झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या.

जागा सपाट असेल, खाली कोणाची बांधी नसेल, तर साग लावा, वाईट नाही. उतार असेल तर मी तरी मिश्रच म्हणेन, तसेही त्यात थोडे साग आपोआप येतातच, ते राहू द्या. बाबांचा साग मी काही काढणार नाही, पण त्यात जिथं जागा मोकळी झाली तिथं आता जडी न लावता येनाचे फुटवे राखतो, अन् पाला जळू नये म्हणून फेब्रुवारीच्या आत भोवती जाळरेषा (आग अडवायला पाला-गवत काढलेला पट्टा) काढून घेतो.