प्रशिक्षक बदलल्यानंतरचा आमचा फुटबॉल वर्ग: एका पालकाचे परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या पटांगणावर फुटबॉलचा एक प्रशिक्षण वर्ग चालतो. माझी मुलगी 2022 पासून तेथे जाते. महिन्याचे शुल्क 300 रुपये आहे, बूट आणि शिनगार्ड आपले आपण आणायचे असतात, आणि चेंडूंची संख्या मुलांच्या मानाने बरी आहे. मैदान काळ्या मातीचे असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सराव अनेकदा बुडतो, आणि एप्रिल-मे मध्ये पहाटे साडेपाचला सुरू होऊन ऊन चढण्यापूर्वी संपतो. या गोष्टींबद्दल माझी काही तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते वर्गाच्या संस्थापक सरांनी 2024 च्या एप्रिलमध्ये निवृत्ती घेतल्यानंतर व्यवस्थापन समितीने त्यांचा उत्तराधिकारी कसा निवडला याविषयी, कारण पालक म्हणून आपण ज्या सेवेचे पैसे भरतो तिचा दर्जा त्या एका निर्णयाने बदलला.

सर शारीरिक शिक्षणाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या काळात आमची मुले सुब्रतो मुखर्जी चषकाच्या जिल्हास्तरीय फेरीत पुढपर्यंत जात, पण त्यांचे खरे सामर्थ्य एका जाड वहीत होते. कोणत्या मुलीची शाळेला ने-आण करणारी मानव विकासची निळी बस किती वाजता सुटते, कोणाच्या घरी कापसाची वेचणी कधी सुरू होते, कोणता मुलगा आठवडी बाजाराच्या दिवशी वडिलांच्या दुकानावर बसतो, हे सारे त्या वहीत लिहिलेले असे आणि सरावाची वेळ त्यावरून ठरे. ही वही सांभाळण्याचे काम सरांची जुनी विद्यार्थिनी असलेली एक सहायक ताई करीत असे.

समितीने जून 2024 मध्ये शहरातून डी लायसन्स (फुटबॉल प्रशिक्षकाचा परवाना) असलेले एक तरुण प्रशिक्षक आणले. माणूस कष्टाळू होता, त्याला खेळ कळत होता, आणि पासिंगचे काही सराव त्याने असे शिकवले की माझी मुलगी ते आजही करते. परंतु त्याने पहिल्याच आठवड्यात सरावाची वेळ सर्वांसाठी संध्याकाळी साडेपाच अशी एकच केली, ताईला घरी बसवले आणि संघाची निवडचाचणी 15 जूनला ठेवली. उर्वरित महाराष्ट्रात शाळा त्या सुमारास उघडतात हे खरे, पण विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या अखेरीस उघडतात, आणि तोपर्यंत निम्मी मुले मामाच्या गावाहून परतलेली नसतात. निळ्या बसने येणाऱ्या मुलींना साडेपाचनंतर परतीची सोय नव्हती. नोव्हेंबर येईपर्यंत मुलींच्या गटात माझी मुलगी धरून केवळ चौघी उरल्या. फेब्रुवारीत तो प्रशिक्षक स्वतःच नोकरी सोडून गेला, आणि मला त्याच्याविषयी राग नाही. त्याला वही कोणी दाखवलीच नव्हती.

ज्यांना हे गावापुरते वाटेल त्यांनी इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबचा 2013 चा उन्हाळा आठवावा. प्रशिक्षक अलेक्स फर्ग्युसन यांनी साडेसव्वीस वर्षांनंतर निवृत्ती घेतली तेव्हा संघ 89 गुणांसह, दुसऱ्या क्रमांकावरील संघापेक्षा 11 गुण पुढे राहून, विजेता झालेला होता. त्यांच्याच शिफारशीवरून डेव्हिड मॉइस यांना सहा वर्षांचा करार देण्यात आला. पण फर्ग्युसन यांचे सहकारी प्रशिक्षक माइक फेलन, रेने म्यूलेनस्टीन आणि गोलरक्षकांचे प्रशिक्षक एरिक स्टील हे तिघेही त्या उन्हाळ्यात क्लबबाहेर गेले, त्यांच्या जागी मॉइस यांचे एव्हर्टन या आधीच्या क्लबमधील सहकारी आले, आणि क्लबचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल यांनीही त्याच वेळी पद सोडले. म्हणजे नव्या माणसाला खुर्ची मिळाली, पण त्या खुर्चीभोवतीची माहिती निघून गेली. मॉइस दहा महिन्यांत गेले आणि संघ 64 गुणांसह सातव्या स्थानी राहिला. मॉइस कमी कुवतीचे होते असे मला कधीच वाटले नाही. निवडणाऱ्यांनी एक माणूस निवडला आणि काम तेथेच संपले असे मानले, ही मला त्यातील मोठी चूक वाटते.

आमच्या समितीने मार्च 2025 मध्ये ताईला परत बोलावून प्रमुख केले, आणि या निर्णयाबद्दल मी समितीचे मनापासून अभिनंदन करतो. ताईला स्वतःला हे पद नको होते. इंग्लंडच्याच लिव्हरपूल क्लबमध्ये 1974 च्या जुलैत प्रशिक्षक बिल शँक्ली यांनी पद सोडले तेव्हा बॉब पेस्ली यांनाही ते नको होते. पेस्ली 1939 मध्ये खेळाडू म्हणून क्लबमध्ये आले होते आणि पुढे खेळाडूंच्या दुखापती पाहणे, मग प्रशिक्षण, अशी कामे करीत तेथेच राहिले होते. त्यांचा पहिला मोसम मोठ्या चषकाविना गेला, संघ लीगमध्ये दुसरा आला, आणि तरी क्लबने त्यांना हात लावला नाही. त्यानंतरच्या आठ मोसमांत सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन चषक आले. आमच्या ताईच्या पहिल्या वर्षी संघ जिल्हास्तरावर लवकर बाद झाला आणि काही पालकांनी लगेच नव्या माणसाची मागणी केली. त्यांनी तो पहिला मोसम लक्षात घ्यावा असे मी बैठकीतही सांगितले. मुलींच्या गटात आज अकरा जणी आहेत. माझ्या दृष्टीने तो निकालच आहे.

उणिवाही स्पष्ट लिहिणे भाग आहे. गोलरक्षकांना शिकवणे ताईला जमत नाही आणि सामना हातातून निसटू लागला की बदली खेळाडू उतरवायला ती फार उशीर करते. सोळा वर्षांपुढील मुलाला स्पर्धात्मक खेळायचे असेल तर त्याला नागपूर किंवा कामठीकडे पाठवावे, तेथे फुटबॉलची जुनी परंपरा आहे.

यापुढचे लिहिताना मला जड जाते. सर आजही रोज संध्याकाळी कडुनिंबाखालच्या ओट्यावर येऊन बसतात. ते एक शब्द बोलत नाहीत, पण ताईने एखाद्याला संघातून वगळले की तो मुलगा ओट्याकडे धावतो. शँक्लीही पद सोडल्यावर मेलवूडच्या सराव मैदानावर येत राहिले आणि खेळाडू त्यांनाच 'बॉस' म्हणत राहिले, त्यामुळे पेस्लींची अडचण झाली. मॅट बझबी प्रशिक्षकपद सोडल्यावर 1969 नंतर मँचेस्टर युनायटेडमध्येच जनरल मॅनेजर म्हणून राहिले, आणि त्यांच्या जागी आलेले विल्फ मॅकगिनेस डिसेंबर 1970 मध्ये हटवले गेले. याउलट लिव्हरपूलचे प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनी जानेवारी 2024 मध्येच आपण मोसमाअखेर जाणार असे जाहीर करून क्लबला शोधासाठी वेळ दिला, आणि मे महिन्यात निरोपाच्या दिवशी क्लबच्या मैदानावर म्हणजे अ‍ॅनफिल्डवर स्वतःच आपले उत्तराधिकारी आर्ने स्लॉट यांच्या नावाचे गाणे प्रेक्षकांकडून म्हणवून घेतले. पुढच्याच मोसमात लिव्हरपूल चार सामने शिल्लक असतानाच विजेते ठरले. सरांनी एक वर्षभर ओट्यावर येऊ नये, आणि त्यापूर्वी एकदा मैदानाच्या मध्यभागी उभे राहून मुलांना सांगावे की यापुढे ताईचा शब्द शेवटचा. ही विनंती मी त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या पाया पडून केली आहे. ते रागावले नाहीत. विचार करतो म्हणाले.

समितीकडे मात्र माझी एक मागणी अद्याप पडून आहे. ताईचे बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झाल्यावर तिला नोकरी लागेल आणि ती जाईल, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. तिच्या हाताखाली आजच एक सहायक नेमून वही त्याच्याही हाती द्यावी, असे मी लेखी दिले, त्याला दोन महिने झाले. उत्तर नाही. लहान मुलांच्या आणि मुलींच्या पालकांना मी हा वर्ग निश्चित सुचवीन. माझ्या मुलीचे शुल्क या वेळी मी वर्षाचे न भरता सहा महिन्यांचे भरले आहे, आणि सहायक नेमला गेला की उरलेले त्याच दिवशी भरीन असे पावतीच्या मागे लिहून दिले आहे.