दोन क्विंटल तुरीचा कॅलिब्रेटर

मॉनिटरचे रंग जुळवायचे यंत्र, म्हणजे कॅलिब्रेटर, ऑनलाइन घेताना माझे एकूण २१,२०० रुपये फसवणुकीत गेले. ते एकदम गेले नाहीत, चार वेळा गेले, आणि चारही वेळा यूपीआयचा पिन मी माझ्याच बोटाने, कोणी धाक न दाखवता, टाकला. हे लिहिताना लाज वाटते. परंतु लग्नाचे फोटो काढून अल्बम शहरातल्या लॅबकडून छापून आणणारे माझ्यासारखे अनेक जण आमच्या विदर्भातल्या खेड्यांत आहेत, आणि त्यांपैकी कोणाच्या तरी फोनवर त्या यंत्राची जाहिरात आजही जात असणार, म्हणून लिहितो आहे.

कॅलिब्रेटरची गरज मला का पडली, ते आधी सांगतो, कारण ऐकणारे लगेच म्हणतात की तुला ही हौस कोणी सांगितली होती. हौस नव्हती. डिसेंबरातल्या एका लग्नाचा चाळीस पानांचा अल्बम नागपूरहून छापून आला, तेव्हा हळदीच्या फोटोंत सगळे चेहरे मातकट आणि नवरीचा मरून शालू जवळजवळ काळा दिसत होता. नवरीच्या मामांनी अल्बम उघडला, दोन पाने उलटली आणि चारचौघांत विचारले, "भाऊ, आमची पोरगी एवढी काळी हाय का हो?" तो अल्बम मी पदरचे ४,२०० रुपये घालून पुन्हा छापून दिला. लॅबचा दोष नव्हता. माझा मॉनिटर सहा वर्षांचा, त्याचा उजेड कायम शंभरावर ठेवलेला. अशा स्क्रीनवर फोटो उजळ भासतो, म्हणून आपण तो गडद करत जातो, आणि कागदावर तो विहिरीत पडल्यासारखा उमटतो. हे सगळ्यांना ठाऊक असते, पण स्वतःच्या मॉनिटरबद्दल कोणी मान्य करत नाही.

कॅलिब्रेटर म्हणजे काय ते इथे विस्ताराने सांगत नाही. स्क्रीनवर टेकवून ठेवायचे ते छोटे यंत्र, समोर येणारे रंगांचे ठिपके मोजते आणि त्यावरून त्या मॉनिटरचे आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंग बरोबर दाखवण्यासाठीची फाइल, तयार होते. नागपूरच्या दुकानदाराने मला बिलासह २३,५०० रुपये सांगितले होते. त्याच आठवड्यात जुन्या-नव्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात तेच यंत्र १४,५०० रुपयांना दिसले. सीलबंद, यंदाचाच लॉट, दुकान बंद करत असल्यामुळे स्वस्त. मी अधाशी माणूस नाही. मी तीन दिवस विचार केला, विकणाऱ्याला प्रश्न विचारले, बिल मागितले, व्हिडिओ कॉलवर यंत्र चालवून दाखवायला सांगितले. यापेक्षा जास्त काळजी गावात बसून माणूस काय घेणार?

तरीही दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या, आणि त्या मी पाहिल्या होत्या, हे दुःख पैशांपेक्षा मोठे आहे.

पहिली गोष्ट खोक्याची. जाहिरातीतल्या फोटोत खोक्यावर एक्स-राइट हे कंपनीचे नाव स्वच्छ दिसत होते. फोटोग्राफरांसाठीची ही यंत्रे २०२१ पासून कॅलिब्राइट या नावाने विकली जाऊ लागली. म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये मला कोणी जुन्या नावाचे खोके ‘यंदाचा लॉट’ म्हणून विकत असेल, तर तो माल निदान काही वर्षे कुठेतरी पडून तरी असणार किंवा वापरलेला तरी असणार. हे मी स्वतः दोन महिने आधी वाचले होते. वाचले होते आणि तरी विचारले नाही, कारण १४,५०० हा आकडा डोक्यात बसला होता.

दुसरी गोष्ट मला अजून झोपेत दिसते. या यंत्राला फिरवता येणारी एक पांढरी टोपी असते. खोलीतला उजेड मोजायचा असतो तेव्हा ती भिंगावर आणायची, आणि स्क्रीन मोजायची असते तेव्हा ती भिंगावरून काढून मागे फिरवायची. तशी फिरवली नाही तर भिंगासमोर आडोसाच राहतो, आणि यंत्र मोजणार काय? व्हिडिओ कॉलवर त्याने लॅपटॉप एका निळ्या फुलांच्या चादरीवर ठेवला होता. स्क्रीनवर लाल, हिरवे, निळे ठिपके झपाझप बदलत होते, यंत्र मधोमध लोंबत होते, आणि त्याच्या पाठीवर पांढरी टोपी कुठेच नव्हती. म्हणजे ती भिंगावरच होती. म्हणजे यंत्र काहीही मोजत नव्हते आणि ते ठिपके म्हणजे नुसता चालू केलेला व्हिडिओ होता. मी तर बोललोसुद्धा! म्हणालो, "ते पांढरं झाकण मागं नाही दिसून राहिलं." तो अत्यंत शांतपणे म्हणाला, "दादा, नवीन मॉडेलमध्ये ते ऑटोमॅटिक असतं." आणि मी "बरं बरं" म्हणालो. त्या ‘बरं बरं’ची किंमत पुढे हप्त्याहप्त्याने भरली.

११ फेब्रुवारीला ५,००० रुपये आगाऊ दिले. १४ तारखेला त्याने कुरिअरच्या पावतीचा फोटो पाठवला, तेव्हा उरलेले ९,५०० आणि कुरिअरचे ६५०, असे १०,१५० रुपये पाठवले. हे १५,१५० रुपये बाबांनी नुकत्याच विकलेल्या तुरीचे होते. ७,५५० रुपयांच्या हमीभावाने बरोबर दोन क्विंटल, वर पन्नास रुपये. बाबांना मी सांगितले होते की या यंत्रामुळे पुन्हा अल्बम फुकट छापून द्यावा लागणार नाही.

२० फेब्रुवारीला पार्सल आले. खोके खरे होते, सील नव्याने चिकटवलेले होते आणि आतल्या यंत्राच्या पाठीवर नखाएवढा भाग ब्लेडने खरवडलेला होता. बोट फिरवले तर तो खडबडीतपणा अजून लागतो. काही महागड्या मॉनिटरांबरोबर त्या-त्या मॉनिटर कंपनीच्या नावाने असेच यंत्र दिले जाते. दिसायला सारखे, पण मूळ कंपनीचे सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाही. खरवडलेले होते ते त्या दुसऱ्या कंपनीचे नाव. मी यूएसबीची चारही तोंडे लावून पाहिली, लॅपटॉप बदलून पाहिला, सॉफ्टवेअर दोनदा काढून टाकून पुन्हा टाकले. यंत्र सापडत नाही, एवढाच संदेश.

त्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, लायसन्स कीचे वेगळे लागतात, मी सांगायला विसरलो." ३,८०० रुपये. २२ फेब्रुवारीला तेही पाठवले. सोळा अक्षरांची एक की आली, आणि ती टाकायला सॉफ्टवेअरमध्ये जागाच नव्हती! त्या यंत्राच्या सॉफ्टवेअरला स्वतंत्र की लागतच नाही, खरे यंत्र जोडले की ते आपोआप खुले होते. सिरीयल नंबर टाकून चालू करावे लागते ते स्पायडर या दुसऱ्या कॅलिब्रेटरचे सॉफ्टवेअर. (स्पायडर जुना घेणार असाल तर तो नंबर आधी हातात घ्या, नंबर नसेल तर कंपनीचे सॉफ्टवेअर सुरूच होणार नाही.) या दोन गोष्टींची गल्लत मी केली, कारण तोपर्यंत मला यंत्र चालायला हवे होते, खरे काय ते कळायला नको होते. २७ फेब्रुवारीला ‘पीस बदलून देतो, पण डिपॉझिट ठेवा’ म्हणून त्याने २,२५० मागितले. दिले. ४ मार्चला त्याने मला ब्लॉक केले.

बेरीज करा, २१,२०० होतात. नागपूरचे बिलासह, हमीसह यंत्र मला यापेक्षा फक्त २,३०० रुपयांनी महाग पडले असते.

आता पुढचे ऐका. ५ मार्चला मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावला. सातव्या वेळी लागला. पलीकडच्या बाईंनी तक्रार घेतली, पण पहिला प्रश्न हाच की इतके दिवस काय करत होता. पैसे पुढे जाण्याआधी कळवले तरच ते खात्यात रोखून धरता येतात. हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, मला ते तेव्हा टोचले, इतकेच. म्हणून सांगतो, संशय आला त्याच तासाला फोन करा. विकणारा गोड बोलतो आहे तोवर थांबू नका. तो गोड बोलतो तो वेळ काढण्यासाठीच.

त्यानंतर बँक. शाखेतल्या साहेबांनी माझे स्टेटमेंट हातात न घेताच सांगितले की पिन तुम्ही टाकला, आमचा संबंध नाही. मी म्हणालो, निदान समोरचे खाते कोणाचे ते सांगा. ते म्हणाले, गोपनीय आहे. माझे पैसे घेणाऱ्याचे नाव माझ्यापासूनच गोपनीय!

पोलीस ठाण्यात तर मला आधी कॅलिब्रेटर म्हणजे काय यावर अर्धा तास बोलावे लागले. ठाणे अंमलदारांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट केले आणि विचारले, "हे माउस आहे का?" मग म्हणाले, "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कशी? हा तर दिवाणी मामला झाला." मी खोटे नाव, खोटे वर्णन, न लागणारी की, सगळे छापून नेले होते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे, हेही अदबीने सांगितले. त्यावर ते म्हणाले, "कायदा तुम्ही शिकवा आता आम्हाला." जिल्ह्याला सायबर शाखेत गेलो, त्यांनी तालुक्याच्या ठाण्याचे पत्र आणा म्हणून परत पाठवले. तालुक्याने सांगितले की जिल्ह्याने मागितल्याशिवाय पत्र देता येत नाही. एस.टी.च्या अशा तीन फेऱ्या झाल्या, त्यातल्या दोन लग्नाच्या तारखा बुडवून, आणि त्या बुडालेल्या पैशांचा हिशेब मी वरच्या बेरजेत धरलेला नाही. तिसऱ्या फेरीला साहेब बंदोबस्तावर होते. मी बाकावर साडेतीन तास बसलो, समोर भिंतीवर ‘सायबर गुन्ह्यांपासून सावध राहा’ असा फलक होता, आणि त्यावरच्या माणसाचा चेहरा माझ्या अल्बमइतकाच काळा छापलेला होता.

ग्राहक आयोगाचेही पाहिले. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे चांगले आहे. पण तक्रार कोणाविरुद्ध? बिल नाही, दुकानाचे नाव नाही, आणि पार्सलवर पाठवणाऱ्याचा जो पत्ता होता त्यात फक्त पिनकोड खरा निघाला. बिलाशिवाय हजाराच्या वरची वस्तू घेऊ नका, असे आता मी सगळ्यांना सांगत सुटतो. तेव्हा मात्र "बिल पार्सलमध्येच येईल" हे मला पुरले होते.

शेवटी अमरावतीच्या एका मित्राने फोनवरून मदत केली. डिस्प्लेकॅल नावाचे फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आर्गिल या दुसऱ्या फुकट प्रोग्रामवर चालते आणि अशी खरवडलेल्या नावाची यंत्रेही ओळखते. त्याने यंत्र ओळखले, तेव्हा मला क्षणभर वाटले की पैसे वसूल झाले. मग त्याने एकच पांढरा ठिपका तीन वेळा मोजायला लावला. अर्धा तास तापलेला तोच मॉनिटर, तीच बंद खोली, तोच ठिपका: एकदा ६,९००, एकदा ७,७००, एकदा ६,३०० केल्व्हिन. केल्व्हिन म्हणजे पांढऱ्या रंगाची पिवळी-निळी छटा सांगणारे माप, आणि आपल्याला हवे असतात ६,५००. तयार झालेले प्रोफाइल लावले तर सगळी स्क्रीन हिरवट झाली, शेवाळ चढल्यासारखी. मित्र म्हणाला, "भाऊ, हे यंत्र नाही, जुगार आहे." म्हणून जुने यंत्र घ्यायचेच असेल तर प्रत्यक्ष भेटून घ्या, आपला लॅपटॉप न्या आणि एकच ठिपका तीन वेळा मोजून पाहा. दहा मिनिटे लागतात.

त्याच मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून मला स्वतःचाच राग आला. स्पायडर एक्सचे प्रो आणि एलिट हे दोन्ही प्रकार आतून एकच यंत्र आहेत, फरक सॉफ्टवेअरचा. आपल्या अल्बमच्या कामाला वरच्या प्रकाराची गरज नाही. आणि मॉनिटरच स्वस्तातला टीएन पॅनेलचा असेल, मान हलवली की रंग बदलणारा, तर कोणतेही यंत्र त्याचे सोने करत नाही. आधी आयपीएस पॅनेल, बाजूने पाहिले तरी रंग फारसा न बदलणारे, घ्यावे. त्याने माझ्या मॉनिटरचा उजेड शंभरावरून बत्तिसावर आणायला लावला, खिडकीला जाड कापड लावायला सांगितले, फाइल एसआरजीबी या रंगांच्या नेहमीच्या प्रमाणामध्ये पाठवायला सांगितली आणि लॅबकडून आठ बाय बाराचा एक नमुना छापून मागवून तो स्क्रीनशेजारी धरायला लावला. यंत्राची बरोबरी याने होत नाही, पण एप्रिलमधले दोन अल्बम स्वच्छ आले. हे सगळे फुकट होते. नमुन्याच्या छपाईचे पैसे तेवढे लागले.

यंत्र सध्या कपाटावर आहे. बाबा त्याला तुरीची डबी म्हणतात. मदत क्रमांकावरच्या तक्रारीची स्थिती दर आठवड्याला पाहतो. ती ‘संबंधित ठाण्याकडे वर्ग’ अशीच आहे, आणि संबंधित ठाणे म्हणते की त्यांच्याकडे काही आलेले नाही.

गेल्या रविवारी तीच जाहिरात पुन्हा दिसली. विक्रेत्याचे नाव वेगळे आहे, भाव १३,९०० केला आहे, दुकान बंद करत असल्याचे कारण तेच आहे. मी जाहिरात खोटी असल्याचे बटण दाबून कळवले, दोन दिवसांनी उत्तर आले की तपासले असता काही आक्षेपार्ह आढळले नाही. फोटोत यंत्र ज्या चादरीवर ठेवले आहे तिच्यावर निळी फुले आहेत. ती चादर दिसली तर पैसे पाठवू नका.